मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आणि सगळीकडं एआय एआय, आता करायचं काय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या, मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. घरात भावोजी म्हणतायत मेकॅनिकल आता संपलं, बेळगावात लाखभर रुपये भरून एआयचा कोर्स लावून द्या. शेजारचे म्हणतायत कोर्स करून तरी काय, सगळं मशीनच करणार. आणि तुम्ही मोबाईलवर एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा व्हिडिओ बघितलाय, तो म्हणतोय की एआय उद्या माणसालाच संपवू शकेल. रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय तुम्ही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो, सवडीनं वाचा आणि पोरालाही वाचायला द्या.

मी बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री (धातू ओतायचे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये कॅमेऱ्यानं माल तपासायच्या सिस्टीम बसवतो. आधी बरीच वर्षं क्वालिटीत होतो, हातात व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि खडू घेऊन कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, तपासायचो, मग कॅमेरे आले, मग कॅमेऱ्याच्या मागं हे शिकणारं सॉफ्टवेअर आलं. म्हणजे लोक ज्याला एआय म्हणतात त्यातला एक प्रकार मी रोज लावतो, शिकवतो आणि बिघडलं की दुरुस्त करतो. चॅटबॉट बनवणारा मी नाही, पण मूळ कल्पना तीच आहे, ढीगभर उदाहरणं देऊन शिकवायचं आणि मग नवीन काही समोर आलं की अंदाज करायला लावायचं.

तुमचे प्रश्न वरवर तीन दिसतात, नोकरीचं काय, कोर्सचं काय, आणि माणूसजातीचं काय. मला मात्र तिन्हीच्या खाली एकच प्रश्न दिसतोय: मशीन चुकलं हे ओळखणारा माणूस शिल्लक राहणार का, आणि तो थांबवा म्हणाला तर कोणी ऐकणार का. पोराचं करिअर ठरवतानाही हेच बघायचं आणि जगाचं काय होणार म्हणतानाही हेच. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, पोराला लोखंडात हात घालायला आवडतंय का, घरची ऐपत किती, बेळगाव सोडून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जायची तयारी आहे का. ते मला इथनं दिसत नाही, ते तुम्हीच बघायचं.

आता एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. त्यांनी आधीच दुसऱ्या कोणाकडनं सिस्टीम बसवून घेतली होती, चाचणीत एकदम मस्त चालली, पण लाइनवर लावली तर खराब माल सरळ पास व्हायला लागला. मला बोलावलं. शिकवताना वापरलेले सगळे फोटो मी मागून घेतले आणि एकेक बघत बसलो. चांगल्या कास्टिंगचे फोटो साफ होते. खराब कास्टिंगच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत पांढरा खडू. आपल्याकडं पद्धतच आहे ना, तपासणारा गडी ब्लोहोल, म्हणजे ओतताना गॅस अडकून पडलेलं भोक, दिसला की त्याच्याभोवती खडूनं गोल करतो आणि जॉब, म्हणजे तो तुकडा, बाजूला टाकतो, आणि फोटो काढणाऱ्यानं नेमका तोच बाजूचा ढीग उचलून फोटो काढलेले. तर मशीन काय शिकलं, खडू दिसला की खराब. ब्लोहोल म्हणजे काय, गॅस आत का अडकतो, ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. खात्री करायला एका चांगल्या जॉबवर मी खडूनं नुसता गोल काढला आणि कॅमेऱ्याखाली ठेवला, स्क्रीनवर लाल पट्टी, रिजेक्ट. गोल पुसून परत ठेवला, हिरवी. मालक शेजारीच उभे होते, त्यांना वेगळं काही समजवावं लागलं नाही.

हे आमच्या गावातच होतंय असं समजू नका. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्वचेच्या कॅन्सरच्या एका सॉफ्टवेअरबद्दल हेच दाखवलंय, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर कातडीवर शाईनं खूण करतात ती फोटोत असली की साध्या तिळालासुद्धा ते कॅन्सर म्हणायचं प्रमाण वाढत होतं.

खडूच्या गोष्टीत मशीननं कोणाला फसवलं नव्हतं. आपण जे दाखवलं त्यातनं उत्तर काढायची सगळ्यात सोपी वाट त्यानं धरली. आपल्याला नेमकं काय पाहिजे ते आपल्या डोक्यात होतं, फोटोत ते आलंच नव्हतं. कास्टिंगच्या बाबतीत हे एका दुपारी सापडलं, कारण खडू डोळ्याला दिसतो. पण ज्या सिस्टीम कोट्यवधी पानं वाचून शिकल्यात, ज्यांच्या आत अब्जावधी आकडे आहेत आणि त्यातला कुठला आकडा काय करतोय हे बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही, तिथं खडू कुठं लपलाय हे कसं शोधायचं? आणि अशा सिस्टीमला नुसतं पास-नापास करायच्या ऐवजी पैसे पाठवायचं, प्रोग्राम चालवायचं, शस्त्राचा नेम धरायचं काम दिलं तर?

तुम्ही व्हिडिओत बघितलेले शास्त्रज्ञ बहुतेक जेफ्री हिंटन असावेत. ज्या न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरनं शिकणाऱ्या आकड्यांच्या जाळ्यावर, आज हे सगळं उभं आहे त्याच्यावर त्यांनी आयुष्य घातलं, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर मिळालं. मे २०२३ मध्ये ते गूगल सोडून बाहेर पडले, धोक्याबद्दल मोकळं बोलता यावं म्हणून. त्याच महिन्यात शेकडो संशोधकांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या, त्याचा मतलब असा की एआयमुळं माणूस नष्ट व्हायचा धोका कमी करणं हे साथीचे रोग आणि अणुयुद्ध ह्यांच्या बरोबरीनं जगाचं काम मानलं पाहिजे. सह्या करणाऱ्यांत ओपनएआय, गूगल डीपमाइंड, अँथ्रोपिक ह्या कंपन्यांचे प्रमुखसुद्धा होते, म्हणजे बनवणारेच सांगतायत. उलट बाजूला यान लकून आहेत, कॉम्प्युटर शास्त्रातला २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्याबरोबरच मिळालाय, त्यांचं म्हणणं की ही भीती फार फुगवलेली आहे. इतकी मोठी माणसं जिथं भांडतायत तिथं मी निकाल देणारा कोण, पण खडूचा गोल बघितल्यापासनं हिंटन यांच्या काळजीमागचं कारण मला पटतं. आपण मागितलं एक आणि मशीन शिकलं दुसरं, हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि मशीनची ताकद वाढली की हा फरक महाग पडणार.

पण तारखा कोणी सांगितल्या तर त्यावर जाऊ नका. ह्याच हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटलं होतं की नवीन रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत कॉम्प्युटर त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. पाच वर्षं कधीच उलटली आणि एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांची आजही कमतरता आहे. सॉफ्टवेअर चांगलं झालंच नाही असं नाही, छातीच्या एक्स-रेवरनं टीबीचा संशय ओळखायला १५ वर्षांवरच्या लोकांसाठी असं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि जिथं एक्स-रे वाचणारा डॉक्टरच नाही अशा ठिकाणी त्याची किंमत मोठी आहे. आपल्या घाटाकडच्या वाड्यावस्त्यांचा विचार केला तर मला तरी हे पाहिजेच वाटतं. पण डॉक्टरचं काम नुसतं फोटो बघणं नसतं, पेशंटचं आधीचं दुखणं, सर्जनशी बोलणं, सही करणं, चुकलं तर उत्तर देणं हे सगळं त्यात येतं. मेकॅनिकल संपलं म्हणणाऱ्या भावोजींना हे सांगा.

आता आकड्याची एक गोष्ट, कारण एआय विकणारे लोक '९५ टक्के अचूक' म्हणून सांगतात आणि समोरचा मान डोलावतो. समजा दिवसाला १००० कास्टिंग निघाले आणि त्यात २० खराब आहेत. सिस्टीम खराब मालातला ९५ टक्के पकडते, म्हणजे १९ सापडले, एक सुटला. चांगल्या ९८० पैकी ५ टक्क्यांना ती चुकून खराब म्हणते, म्हणजे ४९. रिजेक्टच्या क्रेटमध्ये झाले ६८, आणि त्यातले ४९ चांगले! कागदावर ९५ टक्के, क्रेटमध्ये बघितलं तर बहुतेक माल निर्दोष. शांत बसून वहीवर मांडा, पोरालाही मांडायला लावा.

आणि ती रेघ कुठं मारायची हे माणूसच ठरवतो. मशीन प्रत्येक जॉबला एक मार्क देतं, किती मार्कांच्या वर खराब म्हणायचं तो आकडा सेटिंगमध्ये टाकलेला असतो. महिनाअखेरीला डिस्पॅचचं प्रेशर आलं की फोन येतो, जरा ढिली करा की सेटिंग, माल अडकलाय. ढिली केली की माल जातो आणि त्याच्याबरोबर एखादा फुटका पंप बॉडीपण जातो. पुढं काय झालं तर सगळे म्हणणार, कॅमेऱ्यानं पास केलं होतं. म्हणून सेटिंग कोणी, कधी, किती बदललं ह्याची नोंद पुसता येणार नाही अशी ठेवल्याशिवाय मी सिस्टीम चालू करून देत नाही. काही मालकांना हे रुचत नाही, ते काम मग मी सोडतो.

कास्टिंगचं एक बरं आहे, चुकून रिजेक्ट झालं तर परत भट्टीत जातं, वितळतं, नवीन ओततात. माणसाचं तसं होत नाही. नेदरलँडमध्ये सरकार आईबापांना मुलं सांभाळायच्या खर्चासाठी भत्ता देतं, त्यात फसवणूक पकडायला त्यांनी असं मार्क देणारं सॉफ्टवेअर लावलं. नागरिकत्व कुठलं ह्यालाही त्यात वजन होतं, त्यामुळं बाहेरून आलेल्यांची घरं जास्त सापडली. हजारो कुटुंबांना फसवे ठरवून भत्ता परत मागितला, कोणी कर्जात गेलं, कोणाचं घर गेलं, आणि विचारायला गेलं तर समोरचा अधिकारी म्हणायचा सिस्टीममध्ये असं दिसतंय. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या पूर्ण सरकारनं राजीनामा दिला. पण ज्यांची वर्षं गेली त्यांची गेलीच.

आपल्या भागातल्या लोकांनी ही गोष्ट जास्तच लक्षात ठेवावी असं मला मनापासनं वाटतं. आपल्या घरात शाळा मराठी, उतारा कन्नड, बँकेचं पासबुक इंग्रजी. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाचं इंग्रजी स्पेलिंग मराठी शाळेतल्या गुरुजींनी 'डी' पासनं सुरू केलेलं असतं आणि कन्नड कागदावरनं उतरवणाऱ्यानं 'जे' पासनं. माणूस एकच, जमीन एकच, कागदावर दोन. तलाठ्याकडं गेलं तर तो चेहरा ओळखतो आणि म्हणतो होय हाच तो. उद्या कर्ज, रेशन, पीकविमा ह्यातली छाननी एखाद्या सॉफ्टवेअरनं केली आणि नाव जुळत नाही म्हणजे संशयास्पद असं ते शिकलेलं असलं, तर आपलं गावच्या गाव रिजेक्टच्या क्रेटमध्ये. त्या क्रेटवर परत हात फिरवणारा कोणी बसवलाय का, आणि त्याला पास करायचा अधिकार दिलाय का, हे विचारायला पाहिजे. युरोपात १ ऑगस्ट २०२४ पासनं एआयचा कायदा लागू झालाय, टप्प्याटप्प्यानं अंमल आहे, पण माणसाच्या नोकरी, कर्ज, सरकारी मदत ह्यावर परिणाम करणाऱ्या सिस्टीमवर माणसाची देखरेख पाहिजे असं त्यात लिहिलंय. माझ्या मते आपल्याकडंही हे झालंच पाहिजे, आणि मागणी खालनं गेली तरच होणार.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर मशीन आपण दाखवलं तेवढंच शिकतं, ते हमखास चुकतं, आणि चूक पकडायला ज्याला काम कळतंय असा माणूस लागतो. आता तो माणूस तयार कसा होतो ह्याच्याकडं येतो, कारण तुमच्या पोराचा प्रश्न इथं आहे.

आपल्या बेळगावचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा, करून कास्टिंग बाहेर आलं की राखाडी, चकचकीत असतं, आणि जुलैत तेच रात्रभर शेडमध्ये राहिलं तर सकाळी त्याच्यावर बारीक पिवळसर तांबेरा धरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये शिकवलेली सिस्टीम जुलैत त्या ठिपक्यांना पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, समजायला लागते आणि रिजेक्शन एकदम वर जातं. एका ठिकाणी फेटलिंगकडं, म्हणजे कास्टिंगचं जादा लोखंड घासून साफ करतात तिथं, एक जुने मामा आहेत, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी जॉब उचलला, अंगठा घासला, अंगठ्याला तांबडं लागलं, म्हणाले हे गंज आहे, भोक नाही. मग हातोडीनं हलकं वाजवून कानाला आवाज घेतला आणि पास झालेल्या क्रेटमधला दुसराच एक जॉब बाजूला काढला, हा बद्द वाजतोय म्हणाले, ह्यात क्रॅक आहे. कॅमेऱ्यानं तो पास केला होता, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, क्रॅक दिसतच नव्हता. मामांनी दाखवलेल्या त्या तांबेऱ्याच्या फोटोंवर आम्ही सिस्टीमला परत शिकवलं आणि ती सुधारली.

सिस्टीम बसली की मालकाचा पहिला प्रश्न काय असतो माहिती आहे का, आता किती माणसं कमी करता येतील. मी स्पष्ट सांगतो, दिवसभर उभं राहून एकेक जॉब डोळ्याखालून घालायचं काम कमी होणार, त्या कामानं लोकांचे डोळे आणि कंबर जातात, ते कमी झालेलं चांगलंच. पण मामांसारखी माणसं काढली तर पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला सांगणार कोण? आणि मामा दोन-चार वर्षांत रिटायर होणार, त्यांच्या हाताखाली नवीन पोरगं ठेवलं नाही तर हा अंगठा आणि हा कान कुठनं येणार? नवीन पोरं आधी सोपी तपासणी करत करतच शिकायची, ती सोपी तपासणीच मशीननं घेतली. खालची पायरी काढून टाकली आणि वरच्या पायरीवर माणूस पाहिजे म्हणतात. ऑफिसात, वकिलाकडं, सॉफ्टवेअर कंपनीतसुद्धा आज हेच चाललंय, ज्युनिअरचं काम आधी जातंय. मला माणूसजातीची सगळ्यात जवळची काळजी ही वाटते. रोबोट बंदूक घेऊन येईल न येईल, पण आपण तपासायची अक्कल हळूहळू विसरून जाऊ हे आताच सुरू झालंय.

अंदाजपंचे बोलत नाही. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतनं तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवर एक अभ्यास झाला, २०२५ मध्ये छापून आला. त्यांच्या सेंटरांत एआय आलं, ते स्क्रीनवर गाठ दाखवून देतं. एआय येण्याआधी हे डॉक्टर साधारण २८ टक्के तपासण्यांत गाठ शोधायचे. एआयची सवय लागल्यावर त्यांनी ज्या तपासण्या एआयशिवाय केल्या, त्यात ते प्रमाण २२ टक्क्यांवर आलं. हे मुरलेले डॉक्टर, शिकाऊ नव्हते. म्हणून आमच्याकडं मी आठवड्यातनं एकदा एक क्रेट कॅमेऱ्याचा निकाल न दाखवता माणसाकडनं तपासून घेतो आणि मग दोन्ही निकाल जुळवतो. माणूसही तयार राहतो आणि मशीनही.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलून तुमची समजूत काढायची नाही मला. उद्यमबागेत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आली तेव्हा हातानं लेथ चालवणारे बरेच टर्नर होते. ज्यांना टूल कसं घासतंय, फीड किती द्यायचा, मटेरियल कुठलं हे कळत होतं ते सेटर झाले, प्रोग्रामर झाले, काहींनी स्वतःची शॉप टाकली. ज्यांनी फक्त हँडल फिरवलं होतं त्यांना बाहेर पडावं लागलं, आणि नवीन नोकऱ्या आल्या त्या त्यांना मिळाल्या नाहीत, दुसऱ्यांच्या पोरांना मिळाल्या. 'नवीन कामं तयार होतात' म्हणणारे हे मधलं पान वाचत नाहीत. ह्या वेळी वेगही जास्त आहे. आजच्या चॅटबॉटच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली, चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं, आणि आज आमच्या शॉपमधला स्टोअरकीपर त्याच्याकडनं कन्नडमधनं पत्र लिहून घेतोय. अशा वेगात घरातल्या माणसाची नोकरी गेली तर दुसरं काम शिकेपर्यंत घर कसं चालणार, ह्याची जबाबदारी सरकारनं आणि कंपन्यांनी घेतली पाहिजे, एकट्या कामगाराच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

तर मुलाचं. डिप्लोमा सोडायचा नाही, पूर्ण करायचा. नंतर डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची कर्नाटकातली प्रवेश परीक्षा) देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, मेकॅनिकलला गेला तरी चालेल, मार्क आणि आवड असेल तर एआयच्या ब्रँचचं बघा. पण आधी त्याला वर्षभर तरी खऱ्या शॉपमध्ये काढू दे, मोल्डिंग, मेल्टिंग, क्वालिटी, जिथं मिळेल तिथं. धातू कसा वागतो, माप कसं घ्यायचं, माप चुकतं कसं, हे हाताला लागलं पाहिजे. त्याच्यावर पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) आणि स्टॅटिस्टिक्स शिकला की मग तो माझ्यासारख्या लोकांच्या लय कामाचा. मला नुसता कोर्स केलेली पोरं भेटतात, मॉडेल चालवून दाखवतात, पण कोल्ड शट, म्हणजे धातू नीट न जुळल्यानं पडलेली रेघ, दाखवला तर ओळखत नाहीत, मग खडू कसा शोधणार ती? शिकायला एनपीटीईएल ह्या सरकारी वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघायला मिळतात, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी. आणि कन्नड लिहायला वाचायला नीट शिकू दे त्याला. भाषेच्या वादाचं आपलं आपल्या ठिकाणी, पण शॉप फ्लोअरवर बाजूचा गडी कन्नड बोलतो, साहेब इंग्रजी, मालक मराठी नाहीतर गुजराती, आणि ह्या सगळ्यांशी बोलून बिघाड कुठाय ते काढणारा माणूस कोणालाही सोडवत नाही.

चॅटबॉट वापरू दे की, बंदी घालू नका, पण रीत लावून द्या. गणित आधी स्वतः सोडवायचं, मग त्याला विचारायचं, आणि उत्तर वेगळं आलं तर कोण चुकलं ते शोधायचं. ते सॉफ्टवेअर मुळात पुढचा शब्द कुठला येईल ह्याचा अंदाज करत जातं, त्यामुळं चुकीचं उत्तरसुद्धा ते तेवढ्याच ठाम आवाजात देतं. एकदा एका पोरानं त्याला विचारून एका ग्रेडच्या कास्ट आयर्नची ताकद लिहून आणली होती, वाक्य इतकं सुबक की कोणालाही पटावं, स्टँडर्ड उघडून बघितलं तर आकडा भलत्याच ग्रेडचा. स्टँडर्ड उघडायची सवय लावा त्याला.

आणि घरासाठी एक. आता कोणाचाही आवाज थोड्या सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरनं नक्कल करता येतो. पोरगा बाहेरगावी गेला आणि त्याच्याच आवाजात फोन आला, आई अपघात झालाय, पैसे पाठव, तर घाबरून लगेच पाठवू नका. घरात एक शब्द ठरवून ठेवा जो फक्त तुम्हालाच माहीत, तो विचारायचा. नाहीतर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, जेवढा उशीर तेवढं मिळणं कठीण.

राहिला लाखाचा कोर्स. भावोजींना नाराज करू नका, त्यांना बरोबर घेऊनच त्या इन्स्टिट्यूटमध्ये जा. विचारा, शिकवणाऱ्यानं स्वतः कुठल्या कारखान्यात किंवा कंपनीत हे काम केलंय, आणि त्याला समोर बोलवा. विचारा, पोरं प्रोजेक्ट कशावर करतात, नेटवरनं उतरवलेल्या फोटोंवर, का स्वतः जाऊन काढलेल्या फोटोंवर. मागच्या बॅचमधल्या दोन-तीन पोरांशी बोलायला मिळेल का ते विचारा, पण ती पोरं त्यांनी निवडलेली नकोत, यादीतनं आपण बोट ठेवायचं. आणि 'शंभर टक्के नोकरी' म्हणाले तर नोकरी कसली, पगार किती, नाही लागली तर फी परत कधी, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. देत नसतील तर पाणी प्या आणि उठून या.